‘मराठी’त अक्षरं किती? ३, ५ की १५?

गुरुवार. रात्रीचे साडेनऊ. दिवसभरात दोन डेडलाइन्स उरकल्या होत्या, तिसरी उद्यावर ढकलली होती आणि खिचडीचा कुकर नुकता गॅसवर चढवला होता. तेवढ्यात फोन. अनोळखी नंबर.

‘‘ताई, मी लालबागवरून बोलतोय. खानावळवाल्या आजींचा नातू. ओळखलंत का?’’

ओळखलं म्हणजे काय! २०२३ मध्ये एका छोट्या संस्थेनं मला फ्रीलान्स काम दिलं होतं. गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायकांच्या आठवणी जमवायच्या. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेले गडी एकेका खोलीत वीस-वीस जण राहायचे. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय या बायका करायच्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार घरी बसले आणि या बायकांकडे उरल्या त्या उधारीच्या वह्या. मी त्यांच्या घरी जायचे, चहा व्हायचा, त्या बोलायच्या आणि मी मोबाइलवरून संस्थेच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये सगळं टाइप करत जायचे.

रेकॉर्डिंगही केलं होतं. मोबाइल भरला म्हणून नंतर उडवलं. (हो, मास कम्युनिकेशनची डिग्री आहे माझ्याकडे. मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवा, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. पुढे बोलू नका.)

‘‘आजी गेली ताई. रविवारी वर्षश्राद्ध आहे. सगळे पाहुणे येतील. तिनं तुम्हाला जे सांगितलं, ते त्या दिवशी वाचून दाखवावं असं आईच्या मनात आहे. पाठवाल का?’’

‘‘अरे, पाठवते की! पाच मिनिटांत.’’

लॅपटॉप उघडला. फाइल सापडली. नाव ‘खानावळ फायनल फायनल २’. क्लिक केलं आणि कुकरच्या शिट्टीबरोबर माझीही शिट्टी वाजली.

सगळीकडे प्रश्नचिन्हं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मधल्या मोकळ्या जागा होत्या, पूर्णविराम होते, तारखांचे इंग्रजी आकडे होते. मराठीचं एक अक्षर नाही. संस्थेला मेल टाकला. उत्तर आलं की प्रोजेक्ट संपला तेव्हाच फॉर्मचं ते खातं बंद केलं, तुमच्याकडे जी फाइल आहे तीच शेवटची.

मग ज्याला फक्त राखीपौर्णिमेला आणि संकटात फोन करते, त्या आतेभावाला फोन लावला. दादा ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. दिवसभर पायथनमध्ये कोड लिहितो. नाही मंडळी, साप पाळत नाही. पायथन ही प्रोग्रॅमिंग लँग्वेज आहे आणि तिचं नावही सापावरून नाही, तर ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून पडलंय.

‘‘दुसरी कुठली कॉपी असेल तर हात लावू नकोस. उघडू नकोस, सेव्ह करू नकोस, काही म्हणजे काही करू नकोस,’’ दादा म्हणाला. ‘‘उद्या ऑफिस सुटलं की येतो.’’

वडापाव आणि एक प्रश्न

शुक्रवारी रात्री आठला दादा हजर. एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात वडापाव. बसल्या बसल्या त्यानं माझीच परीक्षा घेतली.

‘‘सांग पत्रकार, ‘मराठी’ या शब्दात अक्षरं किती?’’

‘‘तीन. म, रा, ठी. बालवाडीतला प्रश्न आहे हा.’’

‘‘तुझ्या डोळ्यांसाठी तीन. युनिकोडला विचारलंस तर तो म्हणेल पाच. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. काना आणि वेलांटी हे त्याच्या हिशेबात वेगळे मेंबर. आणि तुझ्या हार्ड डिस्कला विचारलंस तर ती म्हणेल पंधरा.’’

एकाच शब्दाची तीन उत्तरं आणि तिन्ही बरोबर! माझा वडा हातातच राहिला.

फंडा असा आहे. कॉम्प्युटरला अक्षर ठाऊकच नाही, त्याला ठाऊक आहेत बाइट्स. एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. फाइल म्हणा, मेसेज म्हणा, फोटो म्हणा, शेवटी सगळी या आकड्यांची माळ. युनिकोड काय करतो, तर जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला एक कायमचा नंबर देतो. देवनागरीच्या मुख्य वस्तीत १२८ जागा आहेत, २३०४ पासून २४३१ पर्यंत. ‘क’ राहतो २३२५ मध्ये, ‘म’ २३५० मध्ये. पण बाइटमध्ये तर २५५ च्या वर काही मावत नाही. मग २३५० कसा ठेवायचा? त्यासाठी नंबर फोडून बाइट्समध्ये बसवण्याचा एक नियम लागतो. या नियमाचं नाव एन्कोडिंग.

आज सगळ्यात जास्त चालतो तो यूटीएफ-८ नावाचा नियम. त्यात ‘म’ लिहायला तीन बाइट्स लागतात: २२४, १६४, १७४. देवनागरीतल्या कोणत्याही चिन्हाचा पहिला बाइट २२४. दुसरा १६४, नाहीतर १६५. तिसऱ्यात काय ती गंमत. पाच चिन्हं गुणिले तीन, झाले पंधरा.

‘‘म्हणजे आईच्या स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे,’’ दादा म्हणाला. ‘‘सगळे सारखे दिसतात. आत मीठ आहे की पिठीसाखर, ते डब्यावरची चिठ्ठी सांगणार. बाइट्स म्हणजे डबे. एन्कोडिंग म्हणजे चिठ्ठी. चिठ्ठी हरवली की खिरीत मीठ पडतं.’’

चिठ्ठ्यांचा बाजार

बरं, एवढ्या चिठ्ठ्या आल्या कुठून?

१९६० च्या दशकात अमेरिकेत ॲस्की नावाचा तक्ता ठरला. त्यात १२८ जागा. इंग्रजीची मोठी लिपी, छोटी लिपी, आकडे, विरामचिन्हं, झालं त्यांचं काम. पण बाइटमध्ये २५६ जागा असतात. म्हणजे वरच्या १२८ रिकाम्या. रिकामी जागा दिसली की काय होतं, हे मुंबईकराला सांगायला नको! जो तो तिथे आपापली अक्षरं थाटून बसला. पश्चिम युरोपसाठी एक तक्ता, रशियासाठी दुसरा, ग्रीकसाठी तिसरा. १४१ नंबरच्या बाइटचा अर्थ काय, हे कुठल्या देशातला कॉम्प्युटर आहे यावर अवलंबून.

भारतानंही आपला तक्ता केला. इस्की त्याचं नाव. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं तो प्रमाण म्हणून जाहीर केला. पुण्याच्या सी-डॅकचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलंय. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली होती. मोबाइलवर आपण ‘निघाले, दहा मिनिटांत पोचते’ असं खोटं टाइप करतो ना, त्यातल्या प्रत्येक अक्षराचा घरनंबर असा ठरलाय.

आणि यूटीएफ-८? त्याची जन्मकथा तर एकदम आपल्या स्टाइलची. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या खानावळवजा हॉटेलात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक जेवायला बसले होते. ताटाखाली अंथरायच्या कागदावर त्यांनी हा नियम मांडला. जगभरच्या लिपी आज ज्या नियमानं ये-जा करतात, तो जेवणाच्या टेबलावर तयार झाला. लालबागच्या आजींना हे ऐकून बरं वाटलं असतं. चांगली कामं जेवतानाच सुचतात, असं त्या म्हणाल्या असत्या.

पायथनला अक्कलदाढ येते

‘‘हे सगळं तुझ्या पायथनला माहीत असेलच,’’ मी म्हटलं.

दादा हसला. ‘‘माहीत होतं. पण गोंधळ घालायची सवय होती.’’

२००० मध्ये पायथन २ आली. त्यात दोन प्रकारचे मजकूर होते. साध्या अवतरणात लिहिलं की ते खरं म्हणजे बाइट्स. अवतरणाआधी ‘यू’ लावला तर ते युनिकोड, म्हणजे खरोखरचा मजकूर. बहुतेक लोक ‘यू’ लावायचा आळस करायचे. आणि दोन्ही प्रकार एकत्र आले तर पायथन २ काही न विचारता बाइट्सना मजकूर करून टाकायची. कुठल्या चिठ्ठीनं? तर सगळं ॲस्कीच आहे, असं धरून.

इंग्रजी नावं आली की मस्त चालायचं. टेस्टिंग पास, डेमो पास, क्लायंट खूश. मग एक दिवस कुणीतरी आपलं नाव मराठीत लिहायचं. पहिलाच बाइट २२४. ॲस्कीची धाव १२७ पर्यंत. प्रोग्रॅम जागीच आडवा! दादा त्याच्या पहिल्या नोकरीत असाच एका रविवारी पहाटे चारला उठून ऑफिसात गेला होता. सर्टिफिकेटं छापायचा प्रोग्रॅम एका मुलीच्या नावावर अडकला होता. तिची चूक एवढीच की तिनं आपलं नाव देवनागरीत भरलं.

‘‘तेव्हा वरिष्ठ काय म्हणाले माहितीये? तिला इंग्रजीत नाव भरायला सांगा.’’

३ डिसेंबर २००८ ला पायथन ३ आली आणि हा लाडीगोडीचा कारभार बंद केला. आता साध्या अवतरणातलं सगळं मजकूर. बाइट्स हा वेगळा प्रकार. दोघांना जोडायला गेलात की तिथल्या तिथे एरर, मग आत इंग्रजी असो की मराठी. मजकुराचे बाइट्स करायचे तर ‘एन्कोड’ म्हणा, बाइट्सचा मजकूर करायचा तर ‘डीकोड’ म्हणा आणि चिठ्ठी कुठली तेही सांगा. ‘मराठी’ची लांबी मजकूर म्हणून विचारली तर ५, बाइट्स म्हणून विचारली तर १५.

लोक भडकले. जुने प्रोग्रॅम चालेनात. काम दुप्पट झालं. पायथन २ ला निरोप द्यायला १ जानेवारी २०२० उजाडलं. म्हणजे नवी येऊनही जुनी अकरा वर्षं घरातच. सासू-सून सिरियलसुद्धा यापेक्षा लवकर आटोपतात!

‘‘मला पण राग यायचा,’’ दादा म्हणाला. ‘‘सारखी काय एरर देते ही! नंतर कळलं, एरर देते तेच बरं आहे.’’

हे वाक्य त्याच्याच अंगाशी येणार होतं. पण त्याला अजून एक रात्र होती.

प्रश्नचिन्ह विरुद्ध कचरा

आता माझ्या फाइलकडे. दादानं प्रश्नचिन्हांची फाइल उघडली, पाहिली आणि मान हलवली. ‘‘हे गेलं.’’

झालं होतं असं. मी स्प्रेडशीटमध्ये सगळं नीट लावलं आणि सेव्ह करताना साधं सीएसव्ही निवडलं. माझ्या स्प्रेडशीटसाठी साधं सीएसव्ही म्हणजे जुना पश्चिम युरोपीय तक्ता, सीपी-१२५२. त्यात फ्रेंच आहे, जर्मन आहे, मराठी नाही. जे चिन्ह तक्त्यात नाही, त्याच्या जागी त्यानं एक प्रश्नचिन्ह ठेवलं. ‘म’ला पण तेच, ‘ठ’ला पण तेच. बाइटच बदलला. आता जगातला कुठलाही इंजिनीअर त्यातून ‘म’ परत काढू शकत नाही.

‘‘दुसरी कॉपी?’’

होती. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये. पहिल्यांदा फाइल उतरवली, डबल क्लिक केलं, तेव्हा स्क्रीनवर कचरा दिसला होता. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चार पायांचा गोल, मग कुठलंही चिन्ह. मधूनमधून जपानी येन, मधूनमधून युरो. मी घाबरून ती वर्कबुक म्हणून सेव्ह केली होती आणि विसरले होते.

दादा जवळजवळ नाचला. ‘‘अगं, हे सोनं आहे!’’

आठवा, ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. सीपी-१२५२ च्या तक्त्यात २२४ म्हणजे तिरकी रेघवाला ए, १६४ म्हणजे चार पायांचा गोल आणि १७४ म्हणजे रजिस्टर्ड ट्रेडमार्कची खूण. डबे तेच, फक्त चिठ्ठी चुकीची वाचली गेली होती. म्हणजे उलटं चालायचं. कचऱ्याचे त्याच तक्त्यानं परत बाइट्स करायचे आणि मग ते यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. पायथनमध्ये एका ओळीचं काम. एकदा एन्कोड, एकदा डीकोड.

दादानं ओळ लिहिली, एंटर मारलं. एरर.

परत मारलं. परत एरर. तक्त्यात अमुक चिन्ह नाही म्हणे. घड्याळात पावणेबारा. शेवटची लोकल डोळ्यांसमोर. दादानं एक शब्द वाढवला, ‘इग्नोर’. म्हणजे जे जमत नाही ते सोड, पुढे चल. एंटर.

आणि स्क्रीनवर मराठी उमटलं.

आजी बोलायला लागल्या हो! जोडाक्षरं फुटली होती, ‘गिरणीतल्या’चं ‘गिरणीतलया’ झालं होतं, बरेच उकार गायब होते. मी म्हटलं, त्याचं काय एवढं, प्रूफं तपासणं तर माझं पोटापाण्याचं काम आहे. दादा स्टेशनकडे पळाला. मी रात्री दीडपर्यंत बसून सगळं दुरुस्त केलं आणि नातवाला पाठवून दिलं. सोबत एक प्रश्नही टाकला. आजी एके ठिकाणी म्हणाल्या होत्या, ‘उधारीची वही अजून मायाकडे आहे. पण मागायला कुणाकडे जाऊ?’ ही माया कोण?

माया कोण?

शनिवारी सकाळी नऊला मेसेज. ‘ताई, आमच्या घरात माया कोणी नाही. आईलाही आठवत नाही. चाळीतल्या जुन्या लोकांना विचारतोय. वही मिळाली तर रविवारी फोटोजवळ ठेवता येईल.’

पोटात गोळा आला. मी स्वतः बसले होते आजींसमोर. माया नावाचं कोणी बोलण्यात आल्याचं मला अजिबात आठवत नव्हतं.

काय सुचलं कोण जाणे, मी ती मेलेली फाइल उघडली. प्रश्नचिन्हांची. त्यात अक्षरं नव्हती, पण मोकळ्या जागा जशाच्या तशा होत्या. प्रत्येक चिन्हाला एक प्रश्नचिन्ह. म्हणजे शब्द कुठला ते कळणार नाही, पण किती चिन्हांचा ते नक्की कळेल! तेच वाक्य शोधलं. ‘मायाकडे’ बोटांवर मोजलं. म, काना, य, काना, क, ड, मात्रा. सात. आणि त्या जागी प्रश्नचिन्हं होती नऊ.

दोन चिन्हं कमी. कुठली?

दादाला फोन लावला. पलीकडे पाच सेकंद शांतता. मग, ‘‘च्यायला. इग्नोर.’’

सीपी-१२५२ च्या तक्त्यात २५६ पैकी पाच जागा रिकाम्याच आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. तिथे कुठलंच अक्षर नेमलेलं नाही. इंग्रजीवाल्याला त्यानं काही फरक पडत नाही. पण मराठीचं बघा. ऱ्हस्व उकाराचा तिसरा बाइट १२९. हलंताचा १४१. ‘ए’चा १४३. ‘ऐ’चा १४४. ‘झ’चा १५७. म्हणजे जोडाक्षर जोडणारा पाय मोडणारच आणि ‘झ’ तर अख्खा गडप. माझ्या फाइलमध्ये हे बाइट्स न दिसणारी चिन्हं बनून सुरक्षित बसले होते. पायथननं बरोबर त्यांच्याच पाशी थांबून ओरडून सांगितलं होतं की इथे काहीतरी आहे, बघा. आणि आम्ही तिला गप्प बसवलं होतं.

आता ‘मायाकडे’मध्ये एक ‘झ’ आणि एक हलंत घाला.

माझ्याकडे.

वही कुठल्या मायाकडे नव्हती. आजींकडेच होती.

मला घाम फुटला तो यासाठी की ‘गिरणीतलया’ मी पकडलं होतं. तुटलेला शब्द तुटलेला दिसत होता. ‘मायाकडे’ धडधाकट दिसत होतं, म्हणून मी ते सोडलं आणि एका बाईला जन्माला घातलं. आणखी एक माझंच पाप. ‘दिवाळी’पुढे नुसतं ‘ाली’ उरलं होतं, तिथे मी खुशाल ‘आली’ केलं. मूळ शब्द होता ‘झाली’. आजी सांगत होत्या की संपातली दिवाळी झाली तरी त्या उधारीवर जेवू घालत होत्या. मी लिहिलं, दिवाळी आली. दोन्हीत किती महिन्यांची आमटी-भाकरी आहे, विचार करा.

दादानं दुपारी प्रोग्रॅम नीट लिहिला. जे चिन्ह तक्त्यात सापडत नाही, त्याचा स्वतःचा नंबरच बाइट म्हणून घ्यायचा, बाकीच्यांना तक्ता. काही सोडायचं नाही, अडलं तर थांबायचं. या वेळी एरर आली नाही. मग त्यानं चार ओळींचा आणखी एक प्रोग्रॅम लिहिला. सुधारलेल्या मजकुरातल्या प्रत्येक शब्दातली चिन्हं मोजायची आणि प्रश्नचिन्हांच्या फाइलशी ताडून बघायची. एकूण एक शब्द जुळला. मेलेल्या फाइलनं साक्ष दिली.

‘‘नशीब तू ती कचऱ्याची फाइल साफसूफ केली नाहीस,’’ दादा म्हणाला. ‘ठ’चा तिसरा बाइट त्या तक्त्यात न तुटणारी मोकळी जागा बनतो आणि ‘भ’चा अदृश्य जोडरेघ. कुणी टापटिपीच्या नादात जादा स्पेस उडवले असते, तर ‘मराठी’तला ‘ठ’ आणि ‘भाकरी’तला ‘भ’ कायमचे गेले असते.

मी नातवाला फोन केला. सगळं सांगितलं, माफी मागितली. तो पलीकडे आईशी काहीतरी बोलला. मग म्हणाला, ‘‘ताई, लाल कापडाची एक वही आहे घरात. गव्हाच्या पिंपामागे. आम्हाला वाटायचं, जुना दुधाचा हिशेब असेल.’’

रविवारी मला वाचायला बोलावलं होतं. मी गेले. वही फोटोजवळ होती. ‘दिवाळी झाली’पाशी माझा आवाज जरा अडकला, तेव्हा आजींच्या सुनेनं पाण्याचा ग्लास पुढे केला. नंतर आग्रहानं जेवायला वाढलं. त्या घरात नाही म्हणायची सोय नाही.

जाता जाता: सोमवारी ऑफिसात कामाला येईल असं

* मराठी मजकुराची सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडू नका. स्प्रेडशीटमधून इम्पोर्ट करा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. सेव्ह करतानाही नावात ‘यूटीएफ-८’ असलेला पर्यायच घ्या.

* स्क्रीनवर कचरा दिसला तर घाबरू नका. बहुतेक वेळा माल शाबूत असतो. सेव्ह न करता बंद करा. साफ तर मुळीच करू नका. प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र लगेच जुनी कॉपी शोधा.

* कोड लिहिणाऱ्यांसाठी: बाइट्स दारातच डीकोड करा, घरात फक्त मजकूर फिरू द्या, बाहेर पाठवताना एन्कोड करा. फाइल उघडताना एन्कोडिंग स्वतः लिहा. पायथन ३ च्या अनेक आवृत्त्या तसं सांगितलं नाही तर त्या मशीनच्या सेटिंगवर विसंबतात आणि विंडोजवर ते पुन्हा सीपी-१२५२ निघू शकतं.

* ‘दुसऱ्या’ शब्द समोर दिसतोय पण सर्चमध्ये सापडत नाही? ‘ऱ’ एका चिन्हानंही लिहिता येतो आणि ‘र’खाली नुक्ता देऊन दोन चिन्हांनीही. डोळ्याला एकच, कॉम्प्युटरला वेगळे. तुलना करण्याआधी दोन्हीकडचा मजकूर एकाच रूपात आणा. त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात.

* ‘इग्नोर’ हा पर्याय व्हॉट्सॲपवरच्या गुड मॉर्निंगसाठी ठेवा.

* टेस्टिंगला ‘टेस्ट टेस्ट’ लिहू नका. दादाच्या टीममध्ये आता मी बनवलेलं वाक्य वापरतात: ‘एका ठुशीचं भांडण झेंडूच्या फुलांनी मिटलं.’ ‘ए’, ‘ठ’, उकार, ‘भ’, ‘झ’, हलंत, सगळे हजर. हे सुखरूप बाहेर आलं की बाकीची मराठी येते.

* आणि हो, फाइलचं नाव ‘फायनल फायनल २’ ठेवू नका. दादा अजून चिडवतो.